पित्त नेमकं कुठं असतंय? (आईचा प्रश्न, पोरीचा तक्ता आणि माझी फजिती)

दुधनाकाठ | रविवार, रात्री ९.१२
नमस्कार मंडळी. पोरगी सातवीत आहे. शाळेतून तक्ता करून आणायला सांगितलाय, 'मानवी शरीरातील संस्था व त्यांची कार्ये'. आज बैठकीत ड्रॉइंग शीट पसरून बसलो. बाहेरून माणसाची रेघ, आत लाल-निळं-पिवळं. बाजूला रकाने पाडले, पचनसंस्था, श्वसनसंस्था, रक्ताभिसरण, उत्सर्जन, चेतासंस्था. म्हटलं झालं काम.

तेवढ्यात आमची आई (वय ६८) लसूण सोलत सोलत आली. चष्मा वर केला आणि म्हणाली, "ह्याच्यात पित्त कुठंय?"

पोरीनं यकृताखालची हिरवी थैली दाखवली.

"एवढुसं? मला तर टाळूपासून तळव्यापस्तोर व्हतंय."

मग विचारलं, काळीज कुठंय. पोरीनं हृदयावर बोट ठेवलं. आई हसायलीच. "हे दिल हाय बाई. काळीज म्या शंभरदा शिजवलं. चपटं आन काळपट असतंय." शेवटी जाता जाता, "आन बेंबी काढलीच नाही. ती सरकली की माणूस आडवा व्हतोय."

पोरगी रडकुंडीला आली. मी कॉमर्सवाला, मला काय कळतंय. तक्ता पुढच्या आठवड्यात द्यायचाय. कोणता अवयव काय काम करतो ते पुस्तकात आहे, पण आईच्या प्रश्नांची उत्तरं पुस्तकात नाहीत. कुणी सांगेल का?

उचापतखोर | रात्री ९.१५
मी पयला. आधी बेंबी काढा, बाकी नंतर बघू.

मोंढ्यावरचा | रात्री ९.४०
आईंना माझं मत. खाटकाकडं जाऊन "काळीज द्या" म्हणा, तो यकृतच तोलून देतो. हृदय पायजे असलं तर "दिल" म्हणायचं. गुर्दे म्हणजे मूत्रपिंडं, तिल्ली म्हणजे प्लीहा (आमची आजी तिला पानथरी म्हणायची), फोपसं, भेजा, वजडी. माझी अर्धी शरीररचना दर रविवारी सकाळी रांगेत उभं राहून झालेली आहे.

पण गंमत बघा, तोच खाटीक पोरगं घरी यायला उशीर झाला की "काळीज धडधडायलंय" म्हणतो. यकृत काही धडधडत नाही. म्हणजे ताटातलं काळीज वेगळं आणि छातीतलं वेगळं.

गुरुजी_निवृत्त | रात्री १०.०५
मोंढ्यावरचा, झकास. आता थोडं मास्तरकीचं.

यकृत साधारण दीड किलोचं, शरीराच्या आतला सगळ्यांत मोठा अवयव. बरगड्यांखाली उजव्या अंगाला. आतड्यातून शोषलेलं अन्न रक्तावाटे आधी त्याच्याकडं येतं. जास्तीची साखर साठवायची, लागली की सोडायची, दारू-औषधांचा निचरा करायचा, रक्त गोठवणारी प्रथिनं बनवायची आणि पित्तरस तयार करायचा, ही सगळी कामं त्याची. हृदय त्या मानाने मुठीएवढं, पण दिवसाला लाखभर ठोके आणि मिनिटाला पाचेक लिटर रक्त. दोघांचीही कामं अशी की 'काळीज' हा शब्द कुणालाही द्या, वाया जाणार नाही.

बाकी तक्त्याबद्दल माझी एक जुनी तक्रार आहे. ३१ वर्षं शिकवलं, त्यात रकान्यांनी पोरांचं जेवढं नुकसान केलं तेवढं कशानंच नाही. मी काय करायचो, वर्गात पोरांना मनगटावर बोटं ठेवून नाडी मोजायला लावायचो. ७२, ८०, ८४ अशी यायची. मग शाळेच्या मैदानाला दोन चकरा मारून या म्हणायचो. आले की परत मोजा. १३०-१४०. धापा टाकत, तोंड लालबुंद, शर्ट पाठीला चिकटलेला. मग विचारायचो, कोणती संस्था पळाली? सगळे ओरडायचे, "स्नायू!" म्हटलं, मग श्वास कुणी वाढवला? घाम कुणी आणला? सकाळच्या भाकरीची साखर मांडीपर्यंत कुणी पोचवली? आणि 'पळ' हा हुकूम कुणी दिला? वर्ग गप्प व्हायचा.

तुमच्या लेकीला सांगा, स्वादुपिंड कोणत्या रकान्यात टाकणार ते आधी ठरव. पाचकरस आतड्यात सोडतं म्हणून पचनसंस्था, इन्सुलिन रक्तात सोडतं म्हणून अंतःस्रावी संस्था. हाडं अस्थिसंस्थेत टाकशील, पण रक्तपेशी तर हाडांच्या मगजात तयार होतात.

उचापतखोर | रात्री १०.१२
गुरुजी, पोरगी आधीच रडायलीय.

वैद्यबुवा | सोमवार, सकाळी ६.३०
आजींचं "टाळूपासून तळव्यापर्यंत" हे चुकीचं नाही, वेगळ्या हिशोबातलं आहे. आयुर्वेदात पित्त म्हणजे एका थैलीतला रस नव्हे. ती वात-कफांसारखी एक संकल्पना आहे, आणि तिचे पाच प्रकार मानलेत. पाचक, रंजक, साधक, आलोचक, भ्राजक. पाचक जठर-आतड्यांच्या भागात, आलोचक डोळ्यांत, भ्राजक त्वचेत. म्हणून आपल्याकडं छातीत जळजळलं तरी पित्त, अंगावर गांधी उठल्या तरी पित्त आणि उन्हातून आल्यावर डोकं ठणकलं तरी पित्त. पाठ्यपुस्तकं लिहिणाऱ्यांनी तोच शब्द यकृतातल्या रसाला लावला. एक शब्द, दोन घरं. भांडण तिथून सुरू झालं.

स्टेथोवाली | सकाळी ७.५०
वैद्यबुवा, छान मांडलंत. शब्दाचं ठीक, पण माझ्या ओपीडीत या शब्दामुळं रोज घोळ होतो. दहा माणसं "पित्त झालंय" म्हणून येतात आणि दहांचं दहा तऱ्हेचं निघतं. तर माझ्या बाजूने थोडी फोड.

जळजळ, आंबट ढेकर हे जठरातलं आम्ल. ते पित्त नव्हे. जठरात मिठाचं तेजाब (हायड्रोक्लोरिक आम्ल) असतं, चांगलं जहाल. जठराला स्वतःचं अस्तर असतं म्हणून ते टिकतं, अन्ननलिकेला तसं नसतं, म्हणून आम्ल वर आलं की आग होते.

खरा पित्तरस यकृतात तयार होतो, पित्ताशयात साठून घट्ट होतो आणि तेलकट-तुपकट खाल्लं की लहान आतड्यात सुटतो. काम काय? तेलाचे बारीक बारीक थेंब करायचे. खरकट्या तव्यावर साबण जे करतो तेच. फरक ओळखायचाच असेल तर उलटी आठवा. आंबट ते जठरातलं. पोट रिकामं झाल्यावरही ओकारी येतच राहिली आणि शेवटी कडूजहर, हिरवट-पिवळं आलं, तर ते पित्त.

अंगावर उठणाऱ्या गांधींचा या दोन्हींशी संबंध नाही. ती त्वचेतल्या पेशींनी सोडलेल्या हिस्टामिनची करामत.

दुधनाकाठ, एक विचारते. आईंना पित्त होतं म्हणजे नेमकं काय होतं? कुठं दुखतं, कधी दुखतं?

उदगीरची_लेक | सकाळी ११.२०
स्टेथोवालीताई, तुमचा प्रतिसाद वाचून हात थरथरले. आमच्या तात्यांना पहाटे चारला छातीत भरून आलं, मळमळ, घाम. तात्या म्हणाले, "रात्री भजी खाल्ली, पित्त खवळलंय." सोड्याची पुडी घेतली, ढेकर आला, बरं वाटलं म्हणाले. आम्ही पण झोपलो. सकाळी सातला परत. तोवर तीन तास गेले होते. ईसीजी काढला तर हार्ट अटॅक. तात्या वाचले, पण हृदयाचा एक भाग कायमचा अशक्त झाला. आता जिना चढताना मधल्या पायरीवर थांबतात आणि भिंतीवरचं कॅलेंडर वाचल्याचं सोंग करतात.

मला एक कळत नाही, हृदयाचं दुखणं पोटात कसं काय वाटतं?

स्टेथोवाली | दुपारी २.०५
कारण मेंदूकडं जाणाऱ्या तारा सामाईक आहेत. हृदयाच्या, अन्ननलिकेच्या आणि डाव्या हाताच्या चेता पाठीच्या कण्यात जवळजवळ एकाच मजल्यावर शिरतात. मेंदूला एवढंच कळतं की या मजल्यावरून आरडाओरडा येतोय, खोली कोणती ते कळत नाही. त्वचेवर डास बसला तर अचूक जागा सांगता येते, आतल्या अवयवांचा असा बारीक नकाशा मेंदूकडं नाही. म्हणून घाम आणि छातीत दाब असेल तर "पित्त असेल" म्हणून घरी बसायचं नाही. ढेकर आला म्हणजे हृदय नाही, असंही नाही.

दुधनाकाठ | रात्री ८.४५
तात्यांचं वाचून आईला खोदून विचारलं. म्हणाली, लग्नाकार्यातलं तळलेलं खाल्लं की तास-दोन तासांनी उजव्या बरगडीखाली दुखतं, पाठीत पात्यापर्यंत जातं, मग उलटी. तासभर गडबडा लोळते, मग आपोआप थांबतं. "हे मला तू पाचवीत होतास तवापासून हाय," म्हणाली. मला आज कळायलंय.

स्टेथोवाली | रात्री ८.५८
तक्ता बाजूला ठेवा. आईंना जवळच्या डॉक्टरांकडं नेऊन पोटाची सोनोग्राफी करून घ्या. रिकाम्या पोटी.

गंजगोलाई | रात्री ९.३०
सगळे पित्तावर पडलेत म्हणून मी मूत्रपिंडांची बाजू मांडतो. आम्ही लातूरकर, आम्हाला पाण्याचं कळतं. एप्रिल २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या खेपेला दहा डब्यांत पाच लाख लिटर. त्या उन्हाळ्यात आमच्या घरी आंघोळीचं पाणी टबात धरायचो, त्यात धुणं, धुण्याचं पाणी फरशीला, फरशीचं संडासाला. आई म्हणायची, थेंबाला तीनदा राबवायचं.

नंतर वाचलं की आपली दोन मूत्रपिंडं दिवसाला १८० लिटर पाणी रक्तातून गाळतात आणि त्यातलं दीड-दोन लिटरच बाहेर सोडतात. बाकी सगळं माघारी. अंगात रक्तातलं पाणी जेमतेम तीन लिटर, म्हणजे तेच पाणी दिवसातून साठेक वेळा गाळून घ्यायचं! एकेका मूत्रपिंडात दहा लाखांच्या आसपास बारीक गाळण्या. आम्ही तीनदा राबवून केवढा तोरा मिरवायलो होतो.

चैत्रपालवी | रात्री १०.००
मग उन्हाळ्यात आपल्याकडं मुतखड्याचे एवढे पेशंट का? आणि खिशात कांदा ठेवल्यानं ऊन लागत नाही हे खरं का?

गुरुजी_निवृत्त | मंगळवार, सकाळी ७.१५
कांदा खिशात ठेवून काही होत नाही. भाकरीबरोबर खाल्लात तर निदान तोंडाला चव येईल.

मुतखड्याचं सोपं आहे. पाणी कमी पडलं की मूत्रपिंडं लघवी घट्ट करतात, घट्ट लघवीत क्षार विरघळून राहत नाहीत, खडा धरतो. शेतात, बसस्टँडवर बायांना जायला जागा नसते म्हणून त्या दिवसभर पाणीच पीत नाहीत. त्यांचं बघा जरा.

उन्हाचं मात्र पोरीनं तक्त्यात घ्यावं. मुंबईचा पाहुणा मे महिन्यात परभणीला आला की म्हणतो, "इथं घाम येत नाही, बरं आहे." येतो बाबा, दिसत नाही. हवा एवढी कोरडी की अंगावरच वाळतो. शेतातून आलेल्या गड्याच्या सदऱ्यावर पाठीला पांढऱ्या खाऱ्या रेघा बघा, नदीच्या पात्रात पाणी उतरल्यावर राहतात तशा. तो सगळा घामच. हवा ४३ अंश आणि अंग ३७, मग हवेत उष्णता सोडणार कशी? घाम वाळणं हा एकच रस्ता उरतो. त्यासाठी रक्त कातडीकडं वळवावं लागतं, म्हणून हृदय जोरात. पाणी चाललं, म्हणून मेंदू मूत्रपिंडांना निरोप धाडतो की आता सोडू नका, आणि तुम्हाला तहान लावतो. एवढं करूनही जमलं नाही, अंग ४० च्या पुढं गेलं आणि माणूस बरळायला लागला, तर तो उष्माघात. तिथं पाणी पाजत बसू नका. सावली, अंगभर ओलं फडकं, वारा आणि ताबडतोब दवाखाना.

शुद्धीवर असलेल्या थकल्या माणसाला साखर-मिठाचं पाणी. एक लिटर पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. साखर चवीला नसते हं. लहान आतड्याच्या भिंतीत मीठ आत ओढणारा जो दरवाजा आहे, तो साखर सोबत असली तरच उघडतो, आणि मिठामागं पाणी जातं. १९७१ साली बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत, पश्चिम बंगालमधल्या बनगावला, पटकी (कॉलरा) पसरली आणि सलाईन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबिस यांनी पिंपांमधून हेच पाणी पाजून असंख्य जीव वाचवले.

पांढरं_सोनं | सकाळी ९.५०
गुरुजी कातडीचं बोलले म्हणून. कातडी म्हणजे नुसतं वरचं आवरण असं मलाही वाटायचं. तीन वर्षांमागं कापसावर फवारणी करताना पंपाचं झाकण ढिलं होतं, पाठीवरून औषध ओघळत राहिलं. वास येत होता, पण दोन ओळी राहिल्या होत्या. बांधावर आलो तर तोंडाला लाळ सुटली, डोळ्यांतून पाणी, छाती भरली, समोरचं धुरकट. गडी म्हणाला, मालक तुमच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या. एक घोट पोटात गेला नव्हता. पाठीच्या कातडीतून रक्तात आणि रक्तातून नसांत. दवाखान्यात अॅट्रोपिनची (या विषावरचा उतारा) इंजेक्शनं देत राहिले तेव्हा तोंड कोरडं पडलं. आता अंगावर सांडलं की पहिलं काम कपडे काढून साबणानं धुणं, मग ओळी राहू द्या.

मोंढ्यावरचा | सकाळी १०.३०
बाप रे. दादा, जपा.

परखड_पाटील | सकाळी ११.००
सगळं ठीक. पण बेंबीचं काय? मला स्वतःला दोनदा सरकली, आमच्या गल्लीतल्या मावशीनं अंगठा दाबून बसवली, तासात बरा झालो. डॉक्टर लोक हसतात, पण अनुभव हाच पुरावा.

स्टेथोवाली | दुपारी १.४०
पाटील, हसत नाही. मावशी अंगठा ठेवते तिथं तिला ठोके लागतात ना? ते बेंबीचे नव्हेत. पोटाच्या मागच्या बाजूनं हृदयाकडून येणारी मुख्य धमनी जाते आणि साधारण बेंबीच्याच पातळीवर तिच्या दोन फांद्या होऊन पायांकडं निघतात. सडपातळ माणसात ती बोटाला सहज लागते. बेंबी ही नाळेची वाळलेली खूण, ती कुठं जात नाही. पोटातला मुरडा तासाभरात बहुतेकदा आपला आपणच जातो आणि श्रेय मावशीला. पण दुखणं उजवीकडं खाली उतरलं, ताप आला, तर कृपा करून दाबून घेऊ नका. अपेंडिक्स असलं तर फुटायची भीती.

परखड_पाटील | दुपारी १.५२
पटलं नाही. पण धमनीचं माहीत नव्हतं. आता रात्री झोपून बघतो.

उचापतखोर | दुपारी १.५५
पाटील सरकले.

बालाघाट | रात्री ९.१०
मी आशा म्हणून काम करते. तुमच्या तक्त्यात प्रजनन संस्थेचा रकाना आहे का? बहुतेक नसेल. शाळेत ते पान घरी वाचा म्हणतात.

आमच्या बीडकडं ऊसतोडीला जाणाऱ्या बायांत "पिशवी काढली" हे दात काढल्यासारखं बोलतात. २०१९ ला सरकारनं समिती नेमली, ८२ हजारांवर बायांची पाहणी झाली, त्यात १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. पाळीत खाडा झाला की मुकादम पैसे कापतो, अंगावर पांढरं जातं, कुणीतरी कॅन्सरची भीती घालतं. बाईला वाटतं, लेकरं झाली, पिशवीचं काम संपलं.

मी बैठकीत दोन लिंबं आणि एक वांगं घेऊन बसते. वांगं म्हणजे गर्भाशय, लिंबं म्हणजे अंडाशय. सांगते की लेकरू वाढवायचं काम वांग्याचं, पण हाडांना बळ देणारं इस्ट्रोजेन लिंबांतून येतं. ऑपरेशनमध्ये लिंबंही गेली तर तिशीतच बाईची पाळी गेल्यासारखं सगळं सुरू होतं, अंगातून वाफा, झोप नाही, हाडं ठिसूळ. परवा एकजण उठून म्हणाली, "ताई, माझी लिंबं हायेत का गेली, ते कागदावर लिव्हलेलं असतंय का?" तिच्याकडं कागदच नव्हता.

गुरुजी_निवृत्त | रात्री ९.३५
ताई, मी ते पान दरवर्षी वर्गातच शिकवलं. पण खाली बघून शिकवलं. तुमचं वांगं-लिंबू मला तेव्हा सुचायला हवं होतं.

चैत्रपालवी | बुधवार, सकाळी ८.००
वाचनखूण साठवली. बालाघाट, +१००.

मोंढ्यावरचा | सकाळी ८.२०
जरा हलकं करतो. गुर्दे तव्यावर फार शिजवले की रबर होतात. आधी मधला पांढरा भाग काढायचा, लसूण आणि काळा मसाला लावून...

संपादक | सकाळी ८.४५
पाककृतीसाठी वेगळा धागा काढावा. (आणि लिंक मला द्यावी.)

दुधनाकाठ | पुढचा मंगळवार, रात्री ८.१०
मंडळी, उशीर झाला, माफ करा.

आईला शुक्रवारी नेलं. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले, तीन, मोठा १२ मिलिमीटरचा. पोरगी सोबत होती. स्क्रीनवर काळी थैली आणि आत पांढरे ठिपके, मागं सावली. डॉक्टर म्हणाले, तेलकट खाल्लं की थैली आवळते, खडा तोंडाशी अडकतो, म्हणून कळ. दुर्बिणीतून थैली काढायची ठरलंय, दिवाळीआधी. थैली गेली तरी पित्त यकृतातच तयार होतं, थेट आतड्यात जात राहील, जेवण बंद पडणार नाही असं समजावलं.

आई परत येताना रिक्षात एक शब्द बोलली नाही. घरी आल्यावर भावाला फोन लावला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली, "तीस वर्षं सांगायले, मला पित्त हाय म्हणून. कुणाला पटंना. आज मशीनमधी दिसलं!"

तक्ता दिला. पोरीनं रकाने खोडले आणि एका उन्हात काम करणाऱ्या बाईचं चित्र काढून बाणच बाण मारले. स्वादुपिंडाला दोन बाण. खाली चौकट, 'काळीज : ताटात यकृत, बोलण्यात हृदय'. हिरव्या थैलीत तीन टिंबं, आजीनं स्वतः बसून मोजून काढायला लावली. बाईंनी विचारलं हे काय, तर पोरगी म्हणाली, "आजीचे आहेत."

स्टेथोवालीताई, काय बोलू.

स्टेथोवाली | रात्री ८.३०
काही बोलू नका. ऑपरेशनपर्यंत भजी बंद, एवढं बघा.

उचापतखोर | रात्री ८.३२
आणि बेंबी?

दुधनाकाठ | रात्री ८.३५
काढली. जागेवर आहे.